तीन लेकरं, एक मोबाइल आणि पस्तीस हजारांचं पॅकेज

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव-गाव देत नाही. एकत्र कुटुंब, घरात शिकणारी लेकरं तीन. थोरली मुलगी नववीला, मुलगा पाचवीला, आणि जावेचा मुलगा यंदा पहिलीत बसलाय. मागच्या महिन्यात अभ्यासाच्या एका ॲपवाले घरी येऊन गेले, टॅबवर डेमो दाखवला, पाचवीतल्या मुलाची तिथंच दहा मिनिटांची टेस्ट घेतली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की याचं बेसिक फार कच्चंय, आत्ताच लक्ष दिलं नाही तर नवोदय वगैरे विसरा. पॅकेज पस्तीस हजारांचं, हप्त्यानं. मालक म्हणायलेत सोयाबीनचे पैसे आले की भरू. शाळेतले सर मात्र म्हणतात की हे सगळं नेटवर फुकट आहे, पैसे घालवू नका. ताईंना पडलेले प्रश्न असे. फुकट मिळतंय ते चांगलं कसं असेल, चांगलं असतं तर लोकांनी एवढे पैसे कशाला भरले असते? तिघांनाही चालेल असं एकच ॲप कोणतं? आणि शेवटी लिहिलंय, "मी बारावी आर्ट्स, मला ह्यातलं काय कळणार, लेकरांना सांगणार कोण?" घरात स्मार्टफोन एकच आहे, मालकांचा, संध्याकाळी सातला घरी येतो. आधी तो मुलाला मिळतो कारण त्याला नवोदयची, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा द्यायचीय, मुलीला नऊनंतर.

ताई, पैशाचं आधी बोलून मोकळं होऊ. हप्त्यावर पॅकेज घेऊ नका. सोयाबीनच्या पैशातून तर नकोच, ते पैसे हातात यायच्या आधीच कुठं कुठं वाटले गेलेले असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पाचवीच्या लेकराला अनोळखी माणसानं सगळ्या घरादारासमोर दहा मिनिटं प्रश्न विचारले तर ते गांगरणारच, त्यावरून त्याचं बेसिक ठरत नाही. आणि समजा खरंच त्याचे अपूर्णांक कच्चे असतील, तर ते पस्तीस हजारांचं दुखणं नाही. ज्यांनी आधीच सही करून टाकलीय त्यांनी कागद काढून नीट वाचा, कारण बरेचदा तो 'हप्ता' म्हणजे दुसऱ्याच एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं आणि लेकरानं ॲप उघडणं बंद केलं तरी खात्यातून पैसे जातच राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानंच पालकांना सावध करणारी सूचना काढली होती, त्यात ऑटो डेबिट टाळा असं स्पष्ट सांगितलेलं होतं. म्हणजे हे फक्त तुमच्याच घरी घडलंय असं समजू नका.

आता तुमचा पहिला प्रश्न, फुकटचं चांगलं कसं असेल. ताई, ते फुकट नाहीये, त्याचे पैसे कुणीतरी आधीच भरलेत, आणि त्यातले काही तर तुम्हीच भरलेत. बालभारती १९६७ पासून आपली पुस्तकं काढते, तीच पुस्तकं ई-बालभारतीच्या साईटवर पीडीएफमध्ये कुणालाही उतरवून घेता येतात, मागच्या इयत्तांचीसुद्धा. पुस्तकात जो चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो तो बहुतेक घरात कुणी उघडूनच बघितलेला नसतो. दीक्षा नावाचं सरकारी ॲप २०१७ पासून आहे, ते टाकायचं, त्यातून कोड स्कॅन केला की त्याच धड्याचे व्हिडिओ आणि सरावाचे प्रश्न येतात, आणि एकदा डाउनलोड करून ठेवले की नंतर डेटा लागत नाही. हे सगळं आपल्याच करातून झालंय. सगळे व्हिडिओ सारखे चांगले आहेत असं मी म्हणणार नाही, काही अगदी रटाळ आहेत, पण तुमच्या लेकराच्या पुस्तकाशी धड्याला धडा जुळणारं दुसरं काही मिळणं अवघड आहे.

तसंच फेट (PhET) म्हणून विज्ञान-गणिताचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायची एक साईट आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केलेली. हे वीमन म्हणजे २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, आणि सुरुवातीच्या पैशात त्यांचा स्वतःचाही वाटा होता. त्यावरचे बरेच प्रयोग आता मराठीतही आहेत. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये स्टोरीविव्हर ही साईट सुरू केली, तिथं हजारो गोष्टींची पुस्तकं आहेत, मराठीतली भरपूर. ही पुस्तकं वाचा, छापा, वाटा, भाषांतर करा, नाव दिलं की झालं, अशी परवानगी त्यांनी आधीच देऊन ठेवलीय. म्हणजे शाळेतल्या सरांनी एखादी गोष्ट छापून चाळीस लेकरांना वाटली तरी कुणी विचारणार नाही. असं काम करणाऱ्या माणसांना लेकरं शिकावीत एवढंच हवं असतं, म्हणून ते फुकट असतं. लोक पैसे भरतात ते धाकापोटी. डेमो घ्यायला जो माणूस घरी येतो, त्याचा पगारही त्या पस्तीस हजारांतूनच निघतो.

पण एक फरक मनात पक्का ठेवा. यूट्यूबवर 'नवोदय गणित' असं टाकलं की जे धाडधाड येतं ते वेगळं आणि मी वर सांगितलं ते वेगळं. यूट्यूबवर चांगले शिक्षक आहेत, आपल्या भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतलेसुद्धा फार मन लावून शिकवणारे आहेत, पण एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि तिसऱ्या व्हिडिओला लेकरू कुठं पोचलेलं असतं ते तुम्ही बघितलं असेलच. म्हणून यूट्यूब वापरायचं तर ऑटोप्ले बंद करून, आणि व्हिडिओ तुम्ही नाहीतर सरांनी निवडून दिलेला.

दुसरा प्रश्न, तिघांना मिळून एकच ॲप. इथं मात्र मला तुम्हाला थांबवायचंय, कारण पॅकेजवाल्यांनी जो विचार तुमच्या डोक्यात घातलाय तो इथंच आहे, की पहिली ते बारावी सगळं एकाच टॅबमध्ये. सहा वर्षांचं, दहा वर्षांचं आणि चौदा वर्षांचं लेकरू एकाच पद्धतीनं शिकत नाही. घरात स्वयंपाक एकच होतो पण पहिलीतल्याला वरणभात कालवून द्यावा लागतो आणि नववीतली भाकरी-ठेचा खाते, तसंच आहे हे.

पहिलीतल्याला मोबाइलवर 'अभ्यास' नकोच. त्याला आवाज पाहिजे, शेजारी बसलेलं माणूस पाहिजे. स्टोरीविव्हरवर पुस्तकांच्या चार पातळ्या केल्यात, पहिल्या पातळीच्या गोष्टीत एका पानावर एक-दोनच ओळी असतात आणि चित्र मोठं असतं. रोज एक गोष्ट, त्याच्या आईनं किंवा आजीनं बोट ठेवून वाचायची, मोबाइल मोठ्या माणसाच्याच हातात, पंधरा-वीस मिनिटं झाली की ठेवून द्यायचा. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा वाचा, कंटाळा तुम्हाला येईल, त्याला येणार नाही. त्याला अक्षरं ओळखू यायला लागली की तेच पुस्तक छापून आणा, तालुक्याला झेरॉक्सवाल्याकडं आठ-दहा पानांचे असे किती पैसे लागतात. कागद हातात असला की लेकरू चित्रावर रेघोट्या मारतं, पान दुमडतं, रात्री उशाला घेऊन झोपतं, आणि वाचनाची गोडी अशीच लागते.

पाचवीतल्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमची सगळी काळजी तिथं अडकलीय. नवोदयचा पेपर ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा, दोन तासांचा असतो. त्यातले निम्मे प्रश्न आकृत्यांचे, म्हणजे मानसिक क्षमतेचे, उरलेले अंकगणिताचे आणि भाषेचे, आणि पेपर मराठीतून देता येतो. भाषेचे प्रश्न म्हणजे उतारा वाचून उत्तरं द्यायची. आता बघा, यातलं मोबाइलशिवाय होत नाही असं काय आहे? आकृत्या कागदावर सोडवायच्या, पेन्सिल घेऊन. उतारे समजायचे तर वाचन पाहिजे, त्यासाठी स्टोरीविव्हरच्या तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या गोष्टी आहेत, त्यातही विज्ञानाच्या, प्राण्यांच्या, खऱ्या माणसांच्या भरपूर आहेत, वाचून झालं की त्यानं तुम्हाला चार वाक्यात सांगायचं. राहिले अपूर्णांक. ते मात्र लेकरांना खरंच जड जातात, तीन छेद चार आणि पाच छेद आठ यातला मोठा कोणता विचारलं की आकडे मोठे दिसतात म्हणून पाच छेद आठ सांगतात. फेटवर अपूर्णांकांचा प्रयोग आहे, त्यात गोल, केक, पाण्याचा पेला, संख्यारेषा असं सगळं आहे, तुकडे स्वतःच्या बोटानं उचलून ठेवता येतात. दोन-तीन संध्याकाळी त्यावर खेळू द्या, मग मोबाइल ठेवून तेच कागदाची पट्टी दुमडून करायला लावा. कागदावर जमलं तर समजलं. निस्तं स्क्रीनवर जमलं तर अजून थोडं राहिलंय.

याच वयाला मी आणखी एक नाव आवर्जून सांगते, अरविंद गुप्ता. कानपूर आयआयटीत शिकलेले, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काम केलेले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेले. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करायची याचे छोटे छोटे व्हिडिओ आणि पुस्तकं त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवलीत, मराठीतही आहेत. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्यात लेकरू त्रिकोण बनवतं, चौकोन बनवतं, आणि त्याला दिसतं की चौकोन दाबला की वाकडा होतो पण त्रिकोण हलत नाही. मग त्याला पत्र्याच्या शेडची कैची दाखवा, त्यात त्रिकोणच का असतात हे तो स्वतःच सांगेल. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा आणि हातानं करणं तासभर. दहा वर्षांच्या लेकरासाठी हे प्रमाण मला सगळ्यात बरोबर वाटतं.

आता मुलगी. ताई, तुमच्या पत्रात मुलीबद्दल दोनच ओळी आहेत, आणि त्यातली एक मोबाइल नऊनंतर मिळतो ही. मी हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही, घराघरात असंच चाललंय. पण तिघांत नेटवरच्या अभ्यासाचा सगळ्यात जास्त उपयोग जिला होऊ शकतो ती नववीतली आहे, आणि तिलाच मोबाइल उरलासुरला मिळायलाय, बॅटरी संपत आलेली असताना, दिवसभराच्या कामानं डोळे मिटत असताना. वर बघितलंच तुम्ही, पाचवीतल्याचं बहुतेक काम कागदावर होतं. मग सात ते साडेआठ मोबाइल मुलीला द्या आणि मुलाला आठवड्यातून दोन-तीन दिवस अर्धा तास द्या, त्याचं काही बिघडणार नाही. आणि ती मोठी आहे म्हणून लहान दोघांची शिकवणी तिच्या डोक्यावर टाकू नका. तिनं आवडीनं धाकट्या चुलतभावाला गोष्ट वाचून दाखवली तर छानच, पण ते तिचं रोजचं काम व्हायला नको.

नववीच्या वयात नेटचा खरा फायदा म्हणजे मागं जाता येतं. वर्गात साठ पोरांत हात वर करून 'सर, मला सातवीचं समीकरणच येत नाही' असं कोणती मुलगी म्हणेल? ती गप्प बसते आणि बीजगणित पाठ करते. इथं तिला कुणी बघत नाही. ई-बालभारतीवरून सातवीचं, आठवीचं गणिताचं पुस्तक उतरवायचं, सरावसंच सोडवत यायचं आणि जिथं अडलं तिथून सुरू करायचं. खान अकॅडमी या फुकट साईटवर पण गणित असं पायरीपायरीनं लावलेलं आहे, हिंदीतून भरपूर आहे, प्रश्न सोडवला की चूक कुठं झाली ते लगेच दाखवतात. यात महिना गेला तरी जाऊ द्या, दहावीत तो भरून निघेल.

विज्ञानात धाराविद्युतचा धडा आहे तिला. फेटवर बॅटरी, वायर, बल्ब घेऊन परिपथ जोडता येतो, एकसर जोडणीत दोन बल्ब मंद लागतात, समांतर केले की दोन्ही लख्ख लागतात, आणि मध्ये काही न ठेवता बॅटरीची दोन टोकं वायरीनं सरळ जोडली तर बॅटरीला आग लागलेली दिसते. घरच्या वायरिंगशी असला खेळ कुणी करू देणार नाही, करूही नये, पण इथं बिनधास्त करता येतो. ओहमचा नियम याच्यानंतर वाचला तर पाठ करावा लागत नाही.

आणि भूगोलात तिला 'अंतर्गत हालचाली' हा धडा आहे, भूकंपाचा. तुमच्या जिल्ह्यात भूकंप काय असतो हे वेगळं सांगायची गरज नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची, यूएसजीएसची, भूकंपांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, साईट इंग्रजीत आहे पण तारीख आणि अक्षांश-रेखांश भरायला फार इंग्रजी लागत नाही. तिला सांगा, १८ अंश उत्तर आणि ७६ अंश पूर्वच्या आसपास १९९३ चा सप्टेंबर शोध. तिला किल्लारीचा भूकंप सापडेल, तीव्रता ६.२, पण तारीख दिसेल २९ सप्टेंबर आणि वेळ २२ वाजून २५ मिनिटं. आपल्याकडं तर सगळे ३० सप्टेंबरची पहाट सांगतात, गणपती विसर्जन झाल्यावरची. मग चूक कुणाची? कुणाचीच नाही, ती वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे तीन पंचावन्न होतात आणि तारीख बदलते. घरातल्या आजी-आजोबांना किती वाजता जाग आली ते विचारून लिहून घ्यायचं आणि यादीशी ताडून बघायचं. भूकंप, अक्षांश-रेखांश, प्रमाणवेळ, तिन्ही एकाच संध्याकाळी होतात. अडलेल्या मराठी संज्ञांसाठी मराठी विश्वकोश नेटवर आहेच, भाषा थोडी जड आहे पण नववीला ती वाचायची सवय लागलेली बरी.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, 'मी बारावी आर्ट्स, मला काय कळणार'. ताई, शिकवायचं काम तुमचं नाहीच. शिकवणारे पुस्तकात आहेत, शाळेत आहेत, मोबाइलमध्ये आहेत. लेकरू शिकायलंय का निस्तं बघायलंय हे ओळखणारं माणूस मात्र मोबाइलमध्ये नाही, ते घरातच लागतं, आणि त्याला बीएस्सी लागत नाही. व्हिडिओ संपला की मोबाइल पालथा ठेवायचा आणि म्हणायचं, आता मला सांग. तुम्हाला विषय येत नाही हे इथं उलट फायद्याचं आहे, कारण तुम्हाला समजेपर्यंत त्याला सांगावं लागेल. सांगताना अडखळलं, 'म्हणजे ते असं असतं ना आई, ते आपलं…' असं व्हायला लागलं की पुन्हा बघायचं. मग पुस्तकातली त्याच धड्याची तीन गणितं किंवा तीन प्रश्न, वहीत, न बघता. एवढं झालं नाही तर दिवसभरात कितीही व्हिडिओ बघितले तरी ते धरायचे नाहीत. भाकऱ्या करता करता होतं हे काम, बऱ्याच घरांत होतंय.

डेटाचं आणि लाइटचं थोडं बोलते. दिवसाचा डेटा व्हिडिओत लगेच संपतो, म्हणून व्हिडिओची क्वालिटी कमी करा, फळ्यावरचं दिसलं म्हणजे पुरे. पहाटे किंवा रात्री उशिरा नेट बरं चालतं तेव्हा आठवडाभराचं दीक्षामध्ये डाउनलोड करून ठेवा. फेटचे प्रयोग ब्राउझरमध्ये फुकट चालतात आणि उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात, शाळेत कॉम्प्युटर धूळ खात पडले असतील तर सरांना पेनड्राइव्हवर हे टाकून द्यायला सांगा, गावातल्या सगळ्याच लेकरांना उपयोगी पडेल. ज्यांच्याकडं स्मार्टफोनच नाही, किंवा जे लेकरांना घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांनी छापील गोष्टी आणि पुस्तकांच्या पीडीएफची झेरॉक्स सोबत न्यावी, शाळेत सांगितलं तर बरेच सर आनंदानं काढून देतात. एक काळजी मात्र घ्या, नवीन शैक्षणिक धोरणामुळं पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलायलीत, तेव्हा कुठलाही व्हिडिओ दाखवण्याआधी धड्याचं नाव हातातल्या पुस्तकाशी जुळतंय का ते बघा. आणि कुठल्याही साईटवर लेकराचं नाव, शाळा आणि तुमचा नंबर भरायला लागला तर आधी विचार करा, डेमोवाले फोन तिथूनच सुरू होतात.

मुलीच्या अकरावीचं तुम्ही ओझरतं विचारलंय, लातूरला पाठवायचं का म्हणून. ते आत्ता ठरवू नका. फाउंडेशन बॅचवाले नववीपासूनच मागं लागतील, पण बॅच कोणतीही असो, अकरावीला खरं अडतं ते आठवी-नववीच्या बीजगणितात, आणि ते ती घरी बसून पक्कं करू शकते. तिला डॉक्टर-इंजिनिअर व्हायचंय का दुसरंच काही, हे तिला एकदा निवांत विचारा, मालकांसमोर नाही, तुम्ही दोघीच असताना.

येत्या घटक चाचणीनंतर तिघांचे तपासलेले पेपर शाळेतून बघायला मागा. पहिलीतल्याचे सोडा, बाकी दोघांचे नीट बघा, मार्क न बघता कुठल्या धड्यातले प्रश्न सोडून दिलेत तेवढंच एका कागदावर लिहा. तो कागद मला पाठवलात तर कोणत्या धड्याला काय बघायचं ते मी नेमकं लिहून पाठवीन.